बरणी

सकाळी सहाला, पहिल्या चहाच्या आधी,
मी बांधाच्या पायथ्याशी वाकते
आणि जॅमची रिकामी बरणी पाझराखाली धरते.
भरायला किती श्वास लागतात ते मोजते.
घड्याळ असतं हातात, पण श्वासांवर माझा जास्त भरवसा.
मग बरणी उजेडात धरायची.

सरकारी माणूस, तो टुली, एवढंच सांगून गेला होता:
मातीचा बांध पाझरणारच, मिसेस हॅड्रल.
पाणी निवळ आहे तोवर ते नुसतं पाणी.
गढूळ झालं, की समजा बांधच बाहेर पडतोय,
चमचा चमचा.

मर्व्ह, तू हा बांध घातलास सदुसष्टच्या दुष्काळात,
उसन्या बुलडोझरवर, दोन शनिवार-रविवारांत.
ना नकाशा, ना कुणाची सही.
टेकडीचीच माती, टेकडीचंच पाणी,
मध्ये सरकार कशाला, म्हणालास,
आणि भरावावरून दिवसभर मोटार पुढेमागे चालवलीस.
शेजारी मी, पोटात रोझलिन,
प्रत्येक गचक्याला हसत होते.
रोलर परवडत नव्हता. आम्हीच रोलर.

पन्नासाहून जास्त वर्षं उभा राहिला.
गाई प्याल्या, रोझलिन पोहायला शिकली,
वणवा आला तेव्हा हेलिकॉप्टरनं दोनदा बादली भरून नेली.
कसा आहेस, असं त्याला कुणी विचारलं नाही.
उतारावर वॉम्बॅटनं बीळ केलं,
तू म्हणालास, भाडेकरू आला.
सावलीला म्हणून विलोची काठी रोवलीस;
तिची मुळं आता भरावात कुठवर गेलीत
ते तिलाच ठाऊक.

खाली तेव्हा नुसतं कुरण होतं.
आता तिथं ट्रान कुटुंब राहतं:
तीन पॉलिहाउस, दोन मुलं, अंगणात निळी ट्रॅम्पोलिन.
आपल्या डोक्यावर केवढं पाणी टांगलंय
हे झाडीनं त्यांना कधी दिसू दिलं नाही.
झाडीनं नाही. मी.
नाताळात केक पाठवायचे, बांधाचं नाव काढायचे नाही.
विम्याच्या कागदावर प्रश्न होता: खाली काय आहे?
मी लिहिलं, कुरण.
खरं पाणी मुरत होतं ते त्या एका शब्दात.

मंगळवारी बरणी उजेडात धरली
आणि तिच्यातून पलीकडचा डोंगर दिसला नाही.
ओतली, पुन्हा भरली. तेच.
तिसऱ्यांदा भरली नाही.

टुलीला फोन केला, आणि त्याची वाट न पाहता
बरणी मांडीत धरून गाडी खाली नेली.
हान्हनं दार उघडलं, हाताला कोथिंबिरीचा वास.
म्हटलं, वर माझं एक तळं आहे.
ती म्हणाली, माहीत आहे.
मुलं बेडूक धरायला जातात तिथं.
तुम्हाला आवडणार नाही म्हणून बोललो नाही.

मग मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच.
तिनं बरणी हातात घेतली, हलवली,
आणि नवऱ्याला हाक मारली.

त्यांचेच पंप, त्यांचेच पाइप.
टुली काठावर उभा राहून म्हणत होता, हळू, हळू,
घाईनं उपसलं तर आतला उतार बसेल.
म्हणून नऊ दिवस.
नऊ रात्री ती चौघं माझ्या घरी झोपली, टेकडीवर,
रोझलिनच्या खोलीत, आणि तुझ्याही.

शेवटी तळ उघडा पडला तेव्हा तुझा पाइप दिसला,
जुन्या बॉयलरचा, गंजलेला,
आणि त्याच्या बाहेरून, त्याला बिलगून,
मनगटाएवढी एक वाट, थेट भरावात शिरणारी.
वळणाचं पाणी वळणावर गेलं होतं.
रागावले मी तुझ्यावर, मर्व्ह, चिखलात उभी राहून,
आणि टुलीसमोर तुझीच बाजू घेतली.

बांध आता मधोमध कापलाय.
ओढा पूर्वी जायचा तसा जातो, फार आवाज न करता.
सहाला जाग येतेच.
बरणी खिडकीत आहे. धाकट्या बाओनं
तिच्यात बेडकाचं पिल्लू ठेवलंय.
पाणी गढूळच आहे.
त्याला चालतं म्हणे.