चालक: नाही

काल रात्री त्यानं विचारलं, अपडेट करू का?
मी भांडी घासत होते. ओल्या बोटानंच सांगितलं, कर बाबा.

सकाळी कोपऱ्यातलं चिन्ह नव्हतं.
वायफाय बंद पडलं, असं नाही म्हणत मी.
बंद पडलेल्यावर निदान फुली तरी असते.
इथं जागाच बुजलेली,
दात पडून वर्षं लोटल्यावर हिरडी होते तशी
गुळगुळीत.

गुरुवार. ग्रिम्सबी. धुकं आणि मासळीचा वास.
चारच्या आत बासष्ट जणांचे पगार बँकेकडे जायला हवे होते,
हॅडॉक कापणाऱ्यांचे, फावड्यानं बर्फ ओढणाऱ्यांचे,
आणि त्या आर्वीदासचा,
ज्याचा ओव्हरटाइम मी दर वेळी दोनदा तपासते
कारण एकदा चुकवला होता
आणि तो काही बोलला नव्हता.

बंद केला, चालू केला.
राउटरची पिन उपटून तीसपर्यंत मोजलं
(मोजते अजून मराठीतच; बाकी दिवस इंग्रजीत जातो).
फोनला इंटरनेट मिळत होतं. भिंतीवरच्या टीव्हीलाही.
फक्त याला नाही.

मग फोनवर वाचायचं, लॅपटॉपवर एका बोटानं उतरवायचं,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं,
एक टिंब चुकलं की सगळं पुन्हा.
शेवटी त्यानं आपल्या पोटातल्या वस्तूंची यादी दिली.
सातव्या ओळीत होतं की ते कार्ड!
नाव, कंपनी, नंबर, सगळं जिथल्या तिथं.
खाली फक्त: चालक, नाही.
काखेत कळसा.
गाडी दारात उभी आणि किल्ल्या घेऊन
ड्रायव्हर रात्रीतूनच नोकरी सोडून गेलेला.

नवा ड्रायव्हर मिळतो. फुकट मिळतो.
इंटरनेटवर.
म्हणजे दोर विहिरीत
आणि विहिरीत उतरायला दोर हवा.

सव्वादोनला शेजारच्या ग्लेनिसचं दार वाजवलं.
वायर आहे का, जाडशी, दोन्ही टोकांना प्लास्टिकचा दात असलेली?
ती हात पुसत जिन्याखाली शिरली,
आतून बोलत राहिली, मला निम्मंच कळलं,
आणि निळं वेटोळं घेऊन बाहेर आली.
क्लिफची, लव्ह. शेडपर्यंत नेली होती त्यानं.
पंचवीस मीटर.

माझा राउटर टेबलापासून हातभर.
दोन टोकं लावली, आणि उरलेली चोवीस मीटर वायर
स्वयंपाकघरभर पसरली, खुर्चीच्या पायांना, पिठाच्या डब्याला
विळखे घालत.
आधी पगार पाठवले. तीनला सात कमी.
आर्वीदासचा तिसऱ्यांदा तपासून.
मग चहा. मग ड्रायव्हर.
त्याला यायला चाळीस सेकंद लागली.
अख्खा दिवस गेला होता तो
चाळीस सेकंदांसाठी.

पुन्हा सुरू केला, आणि कोपऱ्यात
ते उलट्या पंख्यासारखं चिन्ह उगवलं.
दाबलं, तर गल्लीतली सगळी नावं एकदम,
जशी रेशनच्या रांगेत:
समोरच्या पोरांचं एक अचकट, छापण्याजोगं नाही,
कोपऱ्यावरच्या पबचं,
माझं, आकडे आणि अक्षरांचं, आलं तसंच ठेवलेलं,
आणि त्याखाली, सगळ्यात ठळक रेघांचं:
क्लिफची शेड.

क्लिफला जाऊन दोन हिवाळे झाले.
शेड तर तिनं मार्चमध्ये उतरवली,
तिथं आता कुंड्या आहेत.

वायर नीट गुंडाळून परत द्यायला गेले.
म्हटलं, यादीत दिसलं नाव.
हो, म्हणाली, ते बदलायचं कसं, त्यालाच यायचं.
मला नाही येत.

तिनं वायर घेतली, वेटोळं हाताशी तोलून पाहिलं.

मला आता येतं.
मी बोलले नाही.