बाकाच्या जागी

रुझारने चौथा बोल्ट घातलाच नाही.
"भोंक जुळना, पात्रांव," म्हणाला,
"तीन पुरेत. खुर्ची कुठं पळून जातेय?"

भंगारातल्या कुठल्याशा मोटारीच्या दोन खुर्च्या
बाबांच्या पिकअपमध्ये
पाहुण्यांसारख्या अवघडून बसल्यात.
बाक उपटलं तेव्हा खाली निघालं
काथ्या, गंज, बांगड्याचं वाळकं शेपूट
आणि म्हापशाच्या बाजारातली पावती, अक्षरं उडालेली.

बाकावर आम्ही तिघं मावायचो.
मधे नेहमी शेवंती. गिअर बदलताना
गुडघे डावीकडे सारायची, न सांगता.

संध्याकाळी आली. दार उघडलं.
दोन खुर्च्यांमधल्या वीतभर फटीत
हात घालून बघितला.
मग मागे हौद्यात चढली,
रुझारने तिथं टाकलेल्या बाकावर
ऐसपैस बसली.

"चल," म्हणाली. "आता गुडघे माझे."