डावं-उजवं

खोक्यात खोकं, त्यात पांढरा फोम,
फोमच्या कुशीत साबणाच्या वडीएवढं काळं यंत्र.
सोबत चौदा भाषांतलं माहितीपत्रक.
आपली नाही. फिनिश आहे.

डंडीतल्या या भिंती दोन-दोन फूट दगडी,
वायफाय त्यांवर डोकं आपटून
बोळातच बसकण मारतं.
म्हणून वायर. पंधरा मीटर, करडी,
राउटरपासून दाराच्या फटीतून, गालिच्याखालून.
खिळा ठोकायला घरमालकाची बंदी,
तेव्हा चिकटपट्टी, आणि मी रांगत.
खट्.
टोक बसलं की जिवाला बरं वाटतं.

दिवा नारिंगी. दिवा नारिंगी.
दिवा विझला, मी हाय खाल्ली,
दिवा हिरवा.
पडद्यावर टिंबांनी जोडलेले चार आकडे:
मिळाला बापड्याला पत्ता, अर्ध्या मिनिटात.
मला या गावात सात आठवडे लागले होते.
बँकेला विजेचं बिल हवं,
वीजवाल्यांना बँक.

मग म्हणतं, माझं नाव ठेवा.
नावं ठेवण्यात आपण कुठे कमी?
पण देवनागरी त्याला पचेना, नुसते चौकोन ओकलं.
शेवटी रोमन अक्षरांत 'तुणतुणं' लिहिलं,
दोन्ही ण वाटेत बोथटले.

चाचणी. एक बाई बोलते: लेफ्ट.
शेजारच्या खोलीतून बोलावी तशी.
राइट. ही मात्र खांद्यापाशी.
वायरींची अदलाबदल केली, स्पीकर फिरवले,
पत्रकाचं सोळावं पान दोनदा वाचलं.
यंत्र ठणठणीत होतं.
बिघाड माझ्या डाव्या कानातला,
सहाव्या वर्षीच्या गालगुंडाचा.
मीटिंगमध्ये डावीकडच्या टोकाला बसून बसून
मी तो विसरलेच होते.

सेटिंगमध्ये एक आडवी रेघ, रेघेवर मणी.
डावीकडे ढकलला. अजून थोडा.
आणि सारंगी उठून
टेबलाच्या मधोमध येऊन बसली.
श्रीरंग कोट न काढताच म्हणाला,
"हे सगळं कललंय."
त्यानं मणी मध्ये आणला. माझं कललं.
मी सरकवला. त्यानं सरकवला.
चहा निवला.

दारावर थाप. खालच्या मिसेस लॉरिमर.
वाटलं, तक्रार.
"तुमची जमीन बोलतेय," एवढंच म्हणाल्या.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागल्या,
मागांच्या खडखडाटानं दोन्ही कान नेले.
तिथे बाया ओठ वाचायच्या,
सुपरवायझरला शिव्या बोटांनी द्यायच्या.
खुर्ची नको म्हणाल्या. तळहात टेबलावर ठेवला,
डोळे मिटून, ठाण तपासावं तसा.
आम्ही दोघं गप्प.

"धागा तुटतोय," म्हणाल्या. "हा... आणि हा."
आम्हाला काही कळलं नव्हतं.
पण लॉग उघडला, तर खरंच:
दर चाळीसेक सेकंदांनी निमिषभर खंड.
वायरीवर, गालिच्याखाली,
श्रीरंगच्या खुर्चीचा पाय.

त्यानं खुर्ची उचलली.
त्यांनी पुन्हा हात ठेवला, मान डोलावली,
आणि बोटांनी हवेत काहीतरी म्हणाल्या
जे आम्हा दोघांनाही वाचता आलं नाही.
मग कठड्याला धरून, एकेक पायरी,
खाली.

मण्याचं भांडण तसंच आहे.
सकाळी मी आधी उठते, एवढा माझा फायदा.