माळवदावरच्या पेंढ्या

सेनीने मला आणलं तेव्हा
शेतातल्या ओळी आधीच वाटून झाल्या होत्या.
बाजरी सलामातूची, म्हणजे घराची,
म्हणजे कणगीची,
म्हणजे सासूच्या हातातल्या मापाची.
माझ्या वाट्याला आली
दोन ओळींमधली वाळू,
दीड ढांग रुंद.

"लाव तिथे काय लावायचं ते,"
सासू म्हणाली. कोलाची फोड
या गालातून त्या गालात गेली.

बाजरी वीतभर होईतो थांबले.
सतरा दिवस.
मग खुरप्याचा एक घाव, तीन दाणे,
टाचेने माती.
दाणे माझ्या माहेरचे, काळ्या डोळ्यांचे,
कमरेच्या कापडाला गाठ मारून आणलेले.
सलामातू धुऱ्यावर उभी राहून म्हणाली,
बाजरीच्या तोंडचं पाणी पिईल ही तुझी चवळी.
मी बोलले नाही.
नव्या बाईने पहिल्या वर्षी बोलू नये
एवढं आईने शिकवून पाठवलं होतं.

चवळी उभी राहायची घाई करत नाही.
सरपटते, इकडेतिकडे हात टाकते,
बाजरीच्या बुंध्याशी पोचली की
जराशी थबकते,
जशी मी सलामातूच्या चुलीपाशी.
भर दुपारी पानांखाली हात घातला
तर वाळू गार.
एकदा तिथे एक कोंबडी सापडली, अंड्यांवर बसलेली.
टारफुला त्या वर्षी कमी आला.
आलाच नाही असं नाही म्हणणार,
जांभळी फुलं दिसली तिथे उपटली,
पण कमी आला.

एक वेल मुळासकट काढून सासूला दाखवली.
मुळांना मोहरीएवढ्या गाठी,
नखाने फोडली तर आत गुलाबी,
मांजराच्या जिभेसारखी.
रोग आहे, ती म्हणाली.
मी म्हटलं, असू दे, बाजरीलाही लागू दे.
(एवढं एकच बोलले त्या वर्षी.)

कणसं निघाली. शेंगा निघाल्या.
रानात गुरं सोडायच्या आत
हिरवा वेल कापायचा होता,
तोही पहाटे, दवात,
ऊन चढल्यावर हात लागला की पानं झडतात
आणि हातात राहतात नुसत्या काड्या;
काड्यांना कोण विचारतं?
अडतीस पेंढ्या. माळवदावर चढवल्या,
वर जुनी चटई.
घराच्या डोक्यावर मी हिरवं मुंडासं बांधलं
असं पोरं म्हणायची.

मग वारा आला, तो धुळीचा, कोरडा,
ओठ फाडणारा.
मग तोही गेला आणि नुसतं ऊन राहिलं.
बांधावर खायला काही नाही,
शेळ्या पुठ्ठे चावू लागल्या.
बुधवारच्या बाजारात
बाजरीच्या वाडग्याशेजारी माझी पेंढी ठेवली
आणि लोक आधी पेंढीकडे वळले.
पाच-पाच फ्रँकांत मोजत मोजत
माझी बोटं संपली,
मग शेजारणीची बोटं घेतली.

कणगीचा तळ खरवडल्याचा आवाज
रात्री घरभर ऐकू येतो.
तो आला तेव्हा कुणी काही बोललं नाही.
पुढच्या बुधवारी अकरा पेंढ्या विकून
मी दोन पोती बाजरी आणली
आणि कणगीत ओतली.
घरच्या बाजरीचा जसा आवाज येतो
तसाच आला.

सलामातू त्या रात्री माळवदाच्या शिडीशी आली.
तिचा मेंढा, सणासाठी ठेवलेला,
बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालेला.
मागितलं नाही तिने.
शिडी हलत होती ती धरून उभी राहिली फक्त,
मी चढले तोवर.
दोन पेंढ्या खाली टाकल्या.
एक सुटली, पानं तिच्या केसांत अडकली,
ती तशीच गोठ्याकडे गेली.

यंदा पेरणीला ती माझ्यापुढे होती.
लांब दांड्याचं खुरपं, घाव, पाऊल, घाव.
मी मागून दाणे टाकत होते
आणि चुकून तिची पावलं मोजली.
मग पुन्हा मोजली.
दोन ओळींमध्ये आता
दोन ढांगा.

मेंढा मात्र मला अजून ढुशी देतो.