आठ डॉलर

याकिमाच्या कार्डरूममध्ये, टायरवाल्याच्या शेजारी,
मंगळवारी सकाळी अकरालाच टेबल भरतं.
चार-आठची लिमिट. म्हणजे इथे कुणी
घर लावू शकत नाही, ट्रकही नाही,
रागसुद्धा आठ-आठ डॉलरच्या तुकड्यांतच काढावा लागतो.

माझ्या हातात दोन गुलाम, इस्पिकचा आणि चौकटचा.
टेबलावर नव्वी, अठ्ठी, चौरी.
तिघींच्याही वर माझे गुलाम.
मी चार लावले. डेलबर्टने चार दिले
दुसऱ्या हातात कॉफी सावरत,
घाटातल्या बर्फाबद्दल बोलता बोलता.
मग दुर्री आली, कुणाच्याच कामाची नाही.
मी आठ लावले.
त्याने सोळा केले.

डेलबर्ट सोळा करत नाही.
नऊ वर्षं तो माझ्या डाव्या हाताला बसतो.
राजांची जोडी असली तरी नुसता मागे मागे येतो,
दुसऱ्याचं कुत्रं फिरवायला काढल्यासारखा.
त्याने वाढवलं की सगळे पानं टाकतात,
आणि रोगेलिओ ती गोळा करायला
आधीच हात पुढे करून ठेवतो.
शिवाय एक खूण होती:
खरंच काही असलं की त्याचा उजवा अंगठा थरथरायचा,
चिप्स एकमेकींवर दातांसारख्या वाजायच्या.
मला ठाऊक होतं, पीटला ठाऊक होतं,
सगळ्या टेबलाला ठाऊक होतं
एकट्या डेलबर्टला सोडून.

ऑक्टोबरपासून तो अंगठा थांबतच नाही.
सही करताना, जॅकेटची चेन लावताना, सूप पिताना.
डॉक्टरांनी त्याला नाव दिलं आहे.
आम्ही ते टेबलावर घेत नाही.

शेवटचं पान, तिर्री. मी दोन बोटांनी टेबल ठोकलं.
तो आठ लावतो. चिप्स वाजतात.
वाजणारच.

एकतीस वर्षं मी पॅकिंग शेडमध्ये सफरचंदं निवडली.
पट्ट्यावरून येणारं प्रत्येक, अर्ध्या सेकंदात:
हे पेटीत, हे रसाला.
डाग दिसायच्या आधी बोटांना कळायचं.
आज बोटं गप्प.

हिशोब सोपा आहे, मला येतो.
हाऊसचे चार कापून मध्ये ऐंशी पडलेत,
मला द्यायचेत आठ.
अकरा वेळांत एकदा जरी गुलाम खरे ठरले
तरी माझं काही जात नाही.
पण डेलबर्टच्या बाबतीत अकरा वेळा झाल्याच कुठे?
नऊ वर्षांत सात असतील, फार तर,
आणि सातही वेळा त्याच्याकडे होतं.

म्हणजे टाकायची. नख पानांखाली गेलंही होतं.
मग वाटलं, मी पानं टाकते आहे
ती नेमकी कुणासमोर?
मागच्या वर्षीच्या डेलबर्टसमोर?

"मर्लिस," रोगेलिओ हळूच म्हणाला, "तुझी पाळी."

मी आठ डॉलर पुढे ढकलले.

"नव्व्या," डेलबर्ट म्हणाला, "तीन," आणि पानं उघडी केली.
एक नव्वी होती.
दुसरी छक्की.

रोगेलिओने नियमाप्रमाणे दोन्ही पानं सरळ करून ठेवली.
डेलबर्टने वाकून पाहिलं. मान तिरकी केली.
मग दुसऱ्या बाजूने तिरकी केली.
"हे नवे पत्ते," तो म्हणाला.
पत्ते तेच होते, जुन्याच पेटीतले,
कडांना त्याच्याच कॉफीचे डाग.

ढीग माझ्याकडे आला. मी रचत बसले,
पाच-पाचच्या चवडी, कारण नजर कुठेतरी ठेवायला हवी होती.
वर पाहिलं तेव्हा पीट डेलबर्टकडे बघत होता,
त्याच्या पलीकडचा तो नवा पोरगाही,
आम्ही शेडमध्ये बघायचो तसे.

पुढच्या डावात डेलबर्टने वाढवलं.
कुणीच पान टाकलं नाही.