नक्कल बरहुकूम

सीबीएससमोर, कचेरीच्या भिंतीला पाठ लावून
मी उर्दूचं मराठी करतो.
पानाला ऐंशी रुपये. शिक्क्याचे वेगळे.
शाळेतून निवृत्त झालो, खडू सुटला,
अक्षर तेवढं राहिलं.

इलाहीबक्ष आला तो भांडीबाजारातून, उठून तसाच,
नखांत नवसागराची पांढरी कड.
मागे जैतूनबी. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
सगळ्यात आत निकाहनामा,
एकोणनव्वद सालचा, घडीवर चार ठिकाणी उसवलेला.
"ह्याचं सरकारी करायचंय," ती म्हणाली.

कागद गुडघ्यावर पसरला. लिहू लागलो.
वकील: वकील.
तारीख: तारीख.
मेहर अकराशे एक, पैकी रोख पाचशे. रोख तसंच ठेवलं.
हजर. राजीखुशीने. कबूल.
मग सोबतचा अर्ज घेतला, तर त्यातही
दाखला, दस्तऐवज, मंजूर, वारस.
अर्ध्या पानावर पेन थांबलं :
ही कचेरी तर कधीची आमच्याच शब्दांत बोलतेय,
ह्यात मी भाषांतर कशाचं करू?
ऐंशी रुपये घ्यायची लाज वाटली.
घेतले.

तीन मुली. मुलगा नाही.
कथड्यात दीड खोली, वर पत्रा.
शरियतच्या हिशेबात उरलेला हिस्सा भावाकडे जातो,
हे दोघांना तोंडपाठ.
विशेष विवाह कायद्यात नोंदवलं तर मुलींकडे राहतो,
हे थोरल्या नाहिदनं मोबाईलवर वाचून दाखवलेलं.
"निकाह कच्चा नाही, मास्तर," इलाहीबक्ष म्हणाला,
"भांडं पक्कं आहे. तांबं आहे.
पण कल्हई नसली की आंबट कळकतं.
पोरींच्या ताटात नको."

तीस दिवसांची नोटीस लागली
जप्त ट्रॅक्टरच्या लिलावाशेजारी :
वर, वय एकसष्ट. वधू, वय त्रेपन्न.
आक्षेप असल्यास कळवावे.
दर शुक्रवारी जैतूनबी येऊन बघायची
कागद आहे ना जागेवर.
एकदा कोपरा सुटला होता,
ओढणीची टाचणी काढून तिनं लावली.

एकोणिसाव्या दिवशी दिलावर आला. धाकटा भाऊ.
"आक्षेप लिहून द्या."
कारण?
बराच वेळ त्यानं समोरच्या बसेस मोजल्या.
"दाराची चौकट मी बसवलीय. सागाची. पैसे घेतले नव्हते."
लिहिलं. वाचून दाखवलं.
दीड ओळ झाली.
त्यानं कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला,
मागे काही नव्हतं.
दोन चहांचे पैसे देऊन गेला.
कागद विसरला, की ठेवून गेला, कळलं नाही.

एकतिसाव्या दिवशी साक्षीदार तीन :
मी, झेरॉक्सवाला सोनवणे,
आणि आईबापाच्या लग्नाला नाहिद.
एकोणनव्वदला वकील पडद्याशी आले तेव्हा
जैतूनबीची मान मामीनं धरून हलवली होती,
आणि हुंकार नक्की कोणाचा,
ह्यावर माहेरी अजून वाद आहे.
आज अधिकारीबाईंनी विचारलं, आपली संमती आहे?
ती म्हणाली, कबूल.
मग सवयीनं, छे, सवय कुठली,
आयुष्यात पहिल्यांदाच तर,
कबूल. कबूल.
बाहेर लिलावासाठी आलेले दोघे आत डोकावले.
"एकदाच पुरे," कारकून म्हणाला,
आणि रकान्यात लिहिलं : होय.

अख्ख्या कागदात भाषांतर झालं
ते एवढंच. आणि तेही माझ्या हातचं नव्हे.

इलाहीबक्ष तडक भट्टीवर परतला, निखारे धरून ठेवले होते.
जैतूनबीनं दाखल्याची घडी घातली नाही,
आडवा धरून नेला, रिक्षातही.
दिलावरची दीड ओळ माझ्या वहीत आहे.
सागाच्या चौकटीचं काय,
ते अजून कोणी लिहून मागितलेलं नाही.