चौदाचा पाना

गाडी थंड असते तेव्हाच बघायची.
पहाटे साडेपाचला, तळोद्यातल्या खोलीपुढे,
मी उकिडवी बसते
भावाच्या जुन्या ट्रॅक पँटमध्ये,
हातात चौदाचा पाना.
नळावरची गोमताबाई आधी विचारायची,
'सिस्टर, रोज कसली पूजा गाडीची?'
आता बादली उचलते, जाते.

हे शिकवलं सुपडू मिस्तरीनं.
बसस्टँडमागे त्याचं पत्र्याचं छप्पर,
मे महिन्यात तिथले पानेसुद्धा
फडक्यानं धरावे लागतात.
मी त्याच्यापुढे एक नट ठेवला होता,
चांदसैली घाटात सापडलेला.
माझ्याच सायलेन्सरचा,
दोन दिवसांपूर्वी हरवलेला.
पोराचा पहिला दात पडावा
तसा त्यानं तो तळहातावर घेतला.
'बोल्ट एकदम पडत नही, ताई.
पयले तो हालस, मंग बोलस, मंग पडस.
हालस तव्हयच धर त्याले.'

मग म्हणाला, 'नखपालिश शे का तुनाजोडे?'

होती. मावसबहिणीच्या हळदीला घेतलेली,
लाल, अर्धी घट्ट झालेली बाटली.
त्या एवढ्याशा ब्रशनं
नटावरून थेट इंजिनवर
त्यानं ओढली एक सलग रेघ.
नट फिरला की रेघ तुटणार.
डोळ्यांना एवढंच काम.

पुढचे दोन, मागचा वरचा,
मागचा खालचा, जिथे मान पोचत नाही
तिथे पावडरच्या डबीतला आरसा.
खाली ऑइलचा बोल्ट,
त्याच्याभोवती धूळ ओली दिसली तर थांबायचं.
मॅग्नेटोच्या झाकणाचे बारके स्क्रू,
पानाच्या दांड्यानं हलकं टकटक:
टण् आला तर ठीक,
ठप् आला तर तिथे कुणीतरी सैल आहे.

'जास्ती नको आवळू. ॲल्युमिनियम शे, आटे मरतस.'
हे वाक्य मी आणखी एका ठिकाणी वापरते.
ते ठिकाण सांगणार नाही.

परवा गुरुवारी
मागच्या खालच्या बोल्टची रेघ तुटली होती.
नटावरचा तुकडा पुढे, इंजिनवरचा मागे,
मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी जागा.
पाव फेरा. बस.
जुना रंग स्पिरिटनं पुसला,
नवी रेघ ओढली, फुंकर घातली,
हात धुतले, युनिफॉर्म घातला,
मागे लसींची पेटी बांधली आणि निघाले.

घाटात सगळीकडे आमचुराच्या फोडी वाळत होत्या,
खडकांवर पांढऱ्या, आंबट वासाच्या.
वळणं आली तशी गेली.
इंजिन आपल्या जागी,
मी माझ्या जागी,
बर्फ पेटीत.
वरच्या पाड्यावर एकोणीस पोरं
माझ्या नावानं मन लावून रडली.
एका आजीनं विचारलं, हिला तर काही झालेलं नाही,
मग सुई कशाला?
मी म्हटलं, म्हणूनच.
तिला पटलं नाही. पोर मात्र तिनं घट्ट धरली.

रजिस्टरात रकाने आहेत:
दिले, राहिले, नाकारले.
जे झालंच नाही
त्याला रकाना नाही.

संध्याकाळी उतरले तेव्हा
मिस्तरी शटर ओढत होता.
म्हटलं, सकाळी एक रेघ तुटलेली सापडली.
'मंग?'
'मग काही नाही.'
'हां,' तो म्हणाला,
आणि शटर परत वर करून
स्टोव्हवर चहा ठेवला.

बाटली मात्र त्या दिवशी संपली.
शनिवारच्या बाजारात बांगडीवाल्यानं
दहा रंग मांडले पुढे, म्हणाला,
बोट द्या ताई, नखाला लावून बघा.
माझी नखं बघून जरा थबकला.
मी म्हटलं, नखाचं राहू द्या.
ॲल्युमिनियमवर उठून दिसेल
असा कोणता?